मालनच्या नावाची हाक

डोळा लागायच्या अलीकडं एक पायरी असते. तिथं बाहेरचे आवाज ऐकू येतात, पण ते कोण करतंय हे कळत नाही. आज दुपारी मी त्या पायरीवर बराच वेळ बसून आहे. अंगणात रोहिणी, माझी सून, कुरडया घातलेल्या साड्या ओढून उन्हात घेतेय, एवढं समजतं. मग ती साडी ओढतेय की कुणी सरपटतंय, हे समजेनासं होतं.

सकाळी ऐकलेलं डोक्यातून जात नाही.

सकाळी दोन मुलं आली होती, केतकी आणि सुयश. साताऱ्याच्या कॉलेजातली. त्यांचा एक गट आहे. सुट्टी लागली की गावोगाव फिरतात आणि म्हाताऱ्या फौजींना बोलतं करून त्यांच्या लढाईच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवतात. कुणी सांगितलेलं नाही, कुणी काही देत नाही. ही माणसं गेली की त्यांच्याबरोबर सगळं जाईल, आजी, असं केतकी म्हणाली. आमच्या भागात घरटी एक शिपाई, त्यामुळं त्यांना कामाला तोटा नाही.

माझा दादा, हिंदुराव, एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या वाळूत गेला. एकोणीस वर्षांचा होता. मी तेव्हा सातवीत होते. लढाई संपल्यावर त्याच्याच पलटणीतला आत्माराम पिसाळ नावाचा शिपाई आमच्या घरी आला. आबांच्या समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, गोळी छातीत लागली, जागच्या जागी गेला, पाणी मागायलासुद्धा वेळ मिळाला नाही. आबा म्हणाले, बरं झालं. त्या एका वाक्यावर आमच्या घरानं पुढचा सगळा काळ काढला. मी मोठी झाले, बालवाडीची बाई झाले, आणि दर सव्वीस जानेवारीला मुलांना तेच सांगत आले. गोळी छातीत. जागच्या जागी.

पिसाळ पुढं सुभेदार होऊन निवृत्त झाले. वाईकडं असतात. या मुलांनी त्यांना बोलतं केलं तेव्हा त्यांनी दादाची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाले, ही आधी मालनबाईंना ऐकवा. त्या ठेवा म्हणाल्या तर ठेवा, पुसा म्हणाल्या तर पुसून टाका.

म्हणून मुलं आली होती. केतकीनं खुर्चीवर लॅपटॉप ठेवला. सुयशनं कॅमेऱ्याचं तोंड माझ्याकडं केलं. तुमचा चेहरा पण हवाय, आजी, ऐकतानाचा, असं तो म्हणाला. फार गोड पोरगा आहे.

पडद्यावरच्या म्हाताऱ्याला मी ओळखलं नाही. आवाज मात्र ओळखीचा निघाला. त्यांनी सांगितलं ते असं. पहाटे पलटण पुढं सरकली ती सुरुंग पेरलेल्या वाळूत शिरली. हिंदुरावचा पाय सुरुंगावर पडला आणि गुडघ्याखाली तुटून गेला. त्याला आणायला दोघंजण गेले, ते वाटेतच उडाले. मग वरून हुकूम आला की आता कुणीही जायचं नाही. बाकीचे वाळूच्या उंचवट्याआड पडून राहिले. दादा त्यांच्यापासून फार लांब नव्हता, पण उघड्यावर होता, आणि मेलेला नव्हता. ऊन चढत गेलं आणि तो हाका मारत राहिला. पाणी मागत होता. आणि माझं नाव घेत होता.

"आमाला वाटलं, बायको असंल," पिसाळ म्हणाले. "मालन, मालन. सारखं तेच. पोरं कानात बोटं घालून पडली. शेवटी आमीच मनात म्हनाय लागलो, मालनबाई, जिथं असशील तिथनं ये, आन् ह्याला गप कर."

इथं ते थांबले आणि पेलाभर पाणी प्याले. कॅमेऱ्यामागून केतकीचा मऊ आवाज आला, मग काय झालं, आजोबा?

"मग मीच मालन झालो," ते म्हणाले. तरुणपणी गावच्या जत्रेत ते लुगडं नेसून बाईचं काम करायचे. बारीक आवाज काढता यायचा. "मोठ्यानं म्हटलं, अवो, मी आले. त्यो गप झाला. एकदम गप. मग म्हनाला, पानी आनलंस? मी म्हटलं, आनलंय. आन् त्यो माझ्या आवाजाकडं सरकाय लागला."

थोडंच सरकला. पुढं दुसरा सुरुंग होता.

नंतर ते आमच्या घरी आले, आबांनी आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली, मालन, पाहुण्याला पाणी आण, आणि दोन वेण्या घातलेली एक मुलगी तांब्या घेऊन बाहेर आली. तेव्हा त्यांना कळलं, मालन कोण ते. ते पाणी ते प्याले आणि छातीतल्या गोळीची गोष्ट सांगून निघून गेले.

लॅपटॉप मिटल्यावर केतकीनं विचारलं, कसं वाटतंय आजी तुम्हाला? मी म्हटलं, संध्याकाळी या. ती म्हणाली, येताना पिसाळ आजोबांनाही घेऊन येतो, त्यांना तुम्हाला एक विचारायचंय. मी ताटावर बसले नि उठले, आणि मधल्या खोलीत येऊन आडवी झाले.

आता अंगणातला ओढण्याचा आवाज थांबतो.

दार वाजत नाही, तरी दारात कुणीतरी उभं आहे. हिरवट कपडे, नवे बूट, ओठावर नुकती फुटलेली मिशी. मी उठून बसते. गुडघा दुखत नाही, त्यावरूनच मला समजायला हवं होतं.

"दादा," मी म्हणते.

मी कुणाला हाक मारली ते बघायला तो मागं वळतो. मागं कुणी नाही.

"आजी," तो म्हणतो, "मालन कुठाय? तिनं हाक मारली म्हनून आलोय."

मी त्याला सांगते की मीच मालन. तो हसतो, म्हाताऱ्या माणसाला हसावं तसं, वाईट वाटू नये अशा बेतानं. मालन सातवीला आहे, म्हणतो. शाळेत असेल.

शाळा जवळच आहे, खोलीच्या पलीकडच्या दारात. ती माझी बालवाडी आहे. भिंतीवर अननस आणि आगगाडीचा तक्ता, पट्ट्यांवर मांडी घालून बसलेली मुलं. पट्ट्या वाळूवर अंथरल्यात आणि वाळू गरम आहे, तरी एकही मूल हलत नाही. मी फळ्यापाशी उभी राहते आणि सांगायला लागते. मुलं माझ्यामागं म्हणतात, गोळी छातीत, जागच्या जागी. हातवारे करून म्हणतात, छातीवर हात ठेवून. मीच शिकवलंय त्यांना तसं. दादा शेवटच्या रांगेत गुडघे पोटाशी घेऊन बसलाय. तोही म्हणतोय. छातीवर हात ठेवतोय.

मग तो करंगळी वर करतो. बाई, पाणी प्यायला जाऊ?

आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून जातं, "आत्ताच गेला होतास ना? बस खाली."

तो खाली बसतो.

मला तो शब्द मागं घ्यायचाय, त्याच्यापर्यंत जायचंय, पण ही खोली राहिलेली नाही. हा कोरेगावचा एसटी स्टँड आहे. याच स्टँडवरून तो शेवटची सुट्टी संपवून गेला होता. बाकांवर, गाठोड्यांवर माणसं पालथी पडलीत आणि सगळ्यांची बोटं कानात आहेत. कंडक्टरची पण. भोंग्यातून एक बारीक आवाज गाड्या सांगतोय, पण गावांची नावं सांगत नाही. मालनबाई, जिथं असाल तिथून या, एवढंच पुन्हा पुन्हा सांगतोय. दादा गर्दीतून फिरतोय. जिच्या पाठीवर दोन वेण्या दिसतील त्या प्रत्येक पोरीच्या पुढं जाऊन तोंड बघतोय. मी त्याच्या वाटेतच उभी आहे. तो मला वळसा घालून जातो, जरा सरका आजी, म्हणतो.

मी सरकते आणि माझी पाठ आमच्या ओट्याला लागते.

समोर अंगण आहे. आमचंच, पण त्याला पलीकडची भिंत नाही. साडीला साडी लावून पसरलीय आणि सगळ्या साड्यांवर कुरडया घातल्यात, गोल, पांढऱ्या, पंजाएवढ्या. नजर पोचते तिथपर्यंत कुरडयाच. त्यांच्या मधोमध दादा आडवा पडलाय. एका पायात बूट आहे. विजारीचा दुसरा पाय वाऱ्यानं हलतोय.

माझ्या हातात तांब्या आहे, काठोकाठ भरलेला.

"आजी, पानी आन की," तो म्हणतो.

मी पाऊल उचलते. ओट्याच्या टोकावरून रोहिणी म्हणते की आत्या, पाय देऊ नका हं, सकाळपासून खपलेय मी. नेहमीसारखंच म्हणते, मान वर न करता. मी पाऊल परत ओट्यावर ठेवते. दोन कुरडयांच्या मधे पाय मावेल एवढी जागा आहे. ती मला स्वच्छ दिसतेय. तिथून पुढं आणखी एक जागा आहे, तिच्यापुढं आणखी. जमलं तर जाता येईल. पाणी हिंदकळून माझ्या मनगटावरून कोपराकडं ओघळतं, आणि मी उभी आहे.

"आजी."

"तूच ये ना इकडं," मी म्हणते.

माझाच आवाज, पण बारीक निघतो.

तो माझ्याकडं बराच वेळ बघतो. "सगळे तेच म्हनत्यात," तो म्हणतो आणि कोपरांवर सरपटायला लागतो.

पहिली कुरडई त्याच्या कोपराखाली कडकन मोडते. मी डोळे मिटून घेते. मग दुसरी. काही होत नाही, फक्त मोडल्याचा आवाज येतो आणि तो जवळ येत जातो. प्रत्येक आवाजाला माझे खांदे कानाशी जातात. आवाज थांबतात तेव्हा त्याचा हात माझ्या पायाशेजारी ओट्यावर असतो. नखांत वाळू भरलेली आहे.

मी तांब्या पुढं करते. तो आत डोकावून बघतो, विहिरीत बघावं तसं, पण घेत नाही.

"आता नको," तो म्हणतो. "तहान तिकडंच ऱ्हायली."

मग मला रडू येतं आणि रागही येतो. मी त्याला म्हणते की मला ओळख, मी मालन आहे, तुझ्याच हातांत वाढलेली. आमची आई मी लहान असतानाच गेली. आबा दिवस उगवायच्या आत रानात जायचे. शाळेला जायच्या आधी दादा मला मांडीपुढं बसवायचा आणि शिव्या देत देत माझ्या वेण्या घालायचा. मी त्याला हे सगळं सांगते. तो मान हलवतो, गोष्ट ऐकल्यासारखी.

"केस बघ माझे," मी म्हणते. "हातांना आठवंल तुझ्या."

माझा स्वतःचा हात डोक्यापर्यंत जात नाही. खांदा कधीचा धरलाय, रोज सकाळी रोहिणीच माझा अंबाडा घालून देते. मी त्याच्याकडं पाठ करून पायरीवर बसते. तो माझ्या अंबाड्याचे आकडे उपसतो, एकेक, मुळासकट काहीतरी उपटावं तसे. केस पाठीवर पडतात.

"ह्ये काय केस हायेत व्हय, आजी," तो म्हणतो. "ह्यो तर मक्याच्या कनसाचा शेंडा. मालनचे केस माज्या एका मुठीत मावायचे न्हाईत."

तरी तो नखानं भांग पाडायला लागतो. नख टाळूवरून मागं जातं आणि एका जागी थांबतं. माझ्या डोक्यात दोन भोवरे आहेत. त्यामुळं माझा भांग कधी सरळ पडला नाही, आणि त्यावरूनच मला शिव्या बसायच्या. त्याचं बोट आधी एका भोवऱ्यावर फिरतं, मग दुसऱ्यावर.

"माले," तो म्हणतो.

हे ऐकण्यासाठी मी काय दिलं नसतं. पण त्या हाकेत माया नाही. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं वासरू सापडावं तशी ती हाक आहे.

"एवढी म्हातारी झालीस," तो म्हणतो. "मी तिथं पडलो व्हतो, आन् तू हितं म्हातारी होत बसलीस."

मी त्याला सांगू बघते की लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला, पोरांचे हात धरून अक्षरं शिकवली. तो ऐकत नाही. त्यानं केसांचे तीन पेड केलेत आणि वेणी घालायला घेतलीय. इतकी घट्ट, की माझे डोळे कोपऱ्यांतून ओढले जातात.

"हाक तू मारलीस?" तो विचारतो.

एवढ्याच गोष्टीसाठी तो आलाय, हे मला कळतं. मी नाही म्हटलं, तर त्या उन्हात त्याला कुणीच बोलावलेलं नव्हतं. मी हो म्हटलं, तर त्याला सुरुंगावर बोलावणारी मी.

"व्हय दादा," मी म्हणते. "मीच."

त्याचे हात थांबतात.

"काय म्हनालीस?"

"मी आले, म्हनाले."

"नीट सांग. काय म्हनालीस?"

सकाळी ऐकलेला शब्द माझ्या जिभेवर येतो, पण भावासमोर तो तोंडातून फुटत नाही.

"अवो, म्हनालीस," तोच सांगतो. "अवो, मी आले. माजी भन मला अवो म्हनंल व्हय गं?"

आणि तो हसतो. त्याचं हसणं माझ्या मानेला लागतं, गरम, उन्हात तापलेल्या पत्र्याची झळ लागावी तसं.

"पिसाळ व्हता त्यो," तो म्हणतो. "जत्रंत लुगडं नेसून नाचायचा. मला पयल्या शब्दालाच कळलं. आन् तू माज्याशी खोटं बोलतीस. ल्हान व्हतीस तवा बोलत न्हवतीस."

"मग का सरकलास? कळलं व्हतं तर का सरकलास?"

तो वेणीचा शेवटचा पेड ओढून घेतो.

"दुसरं कोन बोलवत न्हवतं," तो म्हणतो.

अंगणात वारा येतो. मोडलेल्या कुरडयांचे तुकडे साडीवर थोडे सरकतात आणि पुन्हा पडून राहतात. मला एकदम पिसाळ आठवतात, पडद्यावरचे, हातात पेला धरलेले. मी दादाला म्हणते की ते संध्याकाळी येणार आहेत, मी त्यांना हे सांगते. आपल्या आवाजानं आपण माणूस मारला, असं धरून बसलाय तो म्हातारा. तुला ठाऊक होतं, तुझ्या मनानं तू सरकलास, एवढं कळलं तर त्याचा जीव भांड्यात पडेल.

"न्हाई सांगायचं."

"झोप न्हाई त्याला, दादा."

"ऱ्हाऊ दे जागा," तो म्हणतो. "आई न्हाई, आबा न्हाईत. तू तर मला छातीत गोळी घालून कवाच निजवलंस, वर पोरांकडनं म्हनून घेतलंस. त्यो एकच मानूस हाय, ज्याला मी अजून वरडताना ऐकू येतोय. त्याला निजवलंस तर मी कुठं जाऊ?"

त्याचं म्हणणं खरं आहे आणि ते दुष्ट आहे, आणि दोन्ही मला एकाच वेळी कळतं.

वेणी बांधायला काही नाही. तो माझ्याकडं रिबीन मागतो. मी म्हणते, रिबिनी कुठल्या आता. तेव्हा तो सदऱ्याच्या खिशातून एक चपटी पुडी काढतो. प्रत्येक शिपायाच्या खिशात जखमेला बांधायची पट्टी असते. शिपाई पडला की सोबत्यानं यायचं, त्याच्याच खिशातली पट्टी काढायची आणि बांधायची. पुडीची शिवण जशीच्या तशी आहे. तो दातांनी ती उसवतो.

"हिला कुनी हात लावला न्हाई," तो म्हणतो.

तो पट्टी फाडतो. फाडल्याचा आवाज लांबलचक येतो. ती वेणीच्या टोकाला गुंडाळून गाठ मारतो आणि असा हिसका देतो की माझं डोकं मागं जातं. मला त्याचं तोंड उलटं दिसतं, आभाळाला लागून. ओठ फुटलेत. मिशी अजून नीट आलेली नाही. मला त्या तोंडावरून हात फिरवायचाय, पण हात खांद्याच्या वर जात नाही.

"दुसरी वेणी?" मी विचारते.

"एकच पुरं," तो म्हणतो. "दोन घालाय केस कुठायत तुला."

आत्या, उठा, ते लोक आलेत.

रोहिणी चहाचा कप घेऊन पलंगाशी उभी आहे. मी उठून बसते आणि गुडघ्यात कळ येते. खिडकीतलं ऊन पिवळं झालंय. रोहिणी कप खाली ठेवायचा विसरते. "तुमची वेणी कुणी घातली?" ती विचारते.

मी म्हणते, तू घातली असशील. ती म्हणते की मी दुपारभर आत आलेच नाही, आणि हात पुढं करून दाखवते. कुरडयांचा चीक तिच्या मनगटापर्यंत वाळलेला आहे. मी हात मागं नेऊन बघते, खांद्यापर्यंत जातो आणि अडतो. मग मान तिरकी करून वेणी पुढं ओढून घेते. एकच वेणी आहे, सुंभासारखी पिळलेली. टाळू हुळहुळतेय. वेणीच्या टोकाला कापडाची पट्टी बांधलीय. कधीकाळी पांढरी असावी. आता चहाच्या डागासारखी झालीय, आणि तिच्यावर घडीच्या आडव्या खुणा आहेत. एक कड फाटलेली आहे, दोरे लोंबतायत.

रोहिणी गाठ सोडायला हात घालते. मी तिला म्हणते, राहू दे.

बाहेरच्या खोलीत मुलांच्या मधे पिसाळ बसलेत. मी आल्यावर काठीवर जोर देऊन उठू बघतात, मी त्यांना बसा म्हणते. त्यांच्यापुढं पाण्याचा पेला ठेवलाय. त्यांनी त्याला हात लावलेला नाही. सुयश कॅमेरा लावतोय. केतकी माझ्याकडं बघते, आणि तिला काय विचारायचंय ते मला कळतं.

"ठेवा," मी म्हणते. "पुसू नका."

पिसाळ मान खाली घालतात. मग हळू म्हणतात, "मालनबाई, एकच विचारायचं व्हतं. लई वर्सं झाली. त्याला कळलं असंल का वो, की त्यो आवाज तुमचा न्हवता?"

एक 'व्हय' म्हटलं की झालं. शब्द तोंडात तयार आहे. आणि तो नुसता स्वप्नातलाही नाही, कारण 'अवो' बायको नवऱ्याला म्हणते, बहीण भावाला नाही, एवढं या माणसालाही इतक्या वर्षांत समजायला हरकत नव्हती. त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडं लागलेत. डोळ्यांच्या कडा लाल आहेत, झोप न झालेल्या माणसाच्या असतात तशा. माझी टाळू अजून ओढतेय.

"मला कसं ठाऊक असणार, सुभेदार?" मी म्हणते.

ते मान हलवतात. हेच मिळणार हे ठाऊक असल्यासारखी, दोनदा.

केतकी माझ्या पदराला माइक लावायला पुढं वाकते. वेणी मधे येते म्हणून ती अलगद उचलून माझ्या खांद्यावरून पुढं घेते. पट्टी माझ्या हिरव्या पातळावर, पिसाळांच्या अगदी समोर येऊन पडते. ते बघतात. शिपाई माणसाला ती काय आहे हे सांगावं लागत नाही. त्यांचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडं जातो, तिथं चाचपतो, आणि खिशावर तसाच राहतो.

ही कुठली, असं ते विचारत नाहीत. मी सांगत नाही.

केतकी म्हणते, "आजी, आधी पूर्ण नाव सांगा."